मानाची फुलं

चारी बाजूंनी समुद्र असलेल्या एका बेटावरच्या जंगलात माकडांची एक टोळी राहत असे. जंगलाच्या मधोमध खोल घळ होती. अलीकडचा पाला थंडी पडली की झडून जाई. पलीकडे मात्र भर हिवाळ्यातही उंबरं पिकत. पण पलीकडचा कडा भिंतीसारखा सरळ. वर पोचायला एकच वाट, ती म्हणजे घळीवरून गेलेली एक जुनी वेल. जात वाल-घेवड्याचीच, पण खोड लाकडाचं, मांडीएवढं जाड. तशी दुसरी वेल जंगलात नव्हती. का नव्हती, हे म्हाताऱ्यांनी कधी विचारलं नाही, मुलांनो. विचारणाऱ्याचा कान तेवढा पिरगाळला.

वसंतात वेलीला जांभळे घोस लटकत. रीत अशी की पहिला घोस म्होरक्या तोडणार, मग वयाच्या मानाने बाकीचे म्हातारे. देठासकट फुलं चावायची, रस चोखायचा, चोथा खाली थुंकायचा. पोरांच्या वाट्याला तो चोथा! एका तरुण माकडिणीने मात्र तिन्हीसांजेला वटवाघूळ पाहिलं होतं. ते फूल तोडत नसे. मिटलेल्या पाकळ्यांत नाक दाबे, फूल फट्‌कन उघडे, तोंडाला पराग फासला जाई आणि रस पिऊन ते पुढच्या फुलाकडे वळे. तिनेही तसं करून पाहिलं. पानांआडच्या एका घोसाला शेंग धरली आणि पुढच्या वसंतापर्यंत वाळून खडखडू लागली.

फुलं तोडायच्या दिवशी ती म्होरक्याला म्हणाली, "आजोबा, खोड आतून पोकळ वाजतंय. थोडी फुलं राहू द्या. ही बघा, शेंग धरते. नवी वेल येईल. माझ्या धाकट्या भावाला अजून जन्मभर पलीकडे जायचंय."

"तू आम्हाला शिकवणार? मानाचं फूल उष्टं केलंस ते केलंस!" म्होरक्याने शेंग उपटून घळीत भिरकावली. "आमचे आजे याच वेलीवरून गेले, आम्ही गेलो. काय झालं?"

"आता तिचं वय झालंय."

"वय झालं की मान वाढतो, कार्टे!" सगळे म्हातारे खदखदून हसले.

थंडी पडली. पलीकडे जातानाही मान आधी म्हाताऱ्यांचाच. ती सगळी जड धुडं एकदम वेलीवर चढली आणि पलीकडे पोचली. शेवटच्याने पाय उचलला आणि वेल कडाडून तुटली. पोरं अलीकडेच राहिली. तोंडातलं उंबर गालात सारून म्होरक्या पलीकडून ओरडला, "रडता काय? धीर धरा! लहानपणी आम्हीही उपाशी राहिलोय!"

माकडीण भावाला घेऊन घळीत उतरली. तिच्या शेंगेतलं एक बी पावसात रुजलं होतं. उंदराच्या शेपटीएवढी वेल पलीकडचा कडा चढू पाहत होती. भावाने तिला लोंबकळायला हात पुढे केला.

"नको, तुटेल ती."

"मग मोठी कधी होईल, ताई?"

"तू म्हातारा होशील तेव्हा."

तो म्हातारा झाला नाही. उंबरं संपायच्या आत गेला.

तात्पर्य : वाट दाखवली म्हणून मोठ्यांच्या पाया पडण्याआधी, ती वाट त्यांनी तुमच्यासाठी शिल्लक ठेवली आहे का, ते बघून घ्या.