डोणीची पाठ

दगड आणि फुलं एकमेकांशी बोलत असत त्या काळी, डोंगरउतारावर पाटाच्या वाटेत कुंडीसारखी कोरलेली एक दगडी डोण बसलेली होती. वरच्या अरुंद तोंडातून पाणी आत यायचं आणि खालच्या रुंद तोंडातून तेवढंच बाहेर पडून भाताच्या कोवळ्या रोपांकडे जायचं. डोणीतलं पाणी ना बोटभर वाढायचं, ना घटायचं.

"माझ्यात काही म्हणजे काही घडत नाही," डोण पेंगत पुटपुटायची. "नुसती पाठ तेवढी दुखते. म्हातारपण, दुसरं काय! एकदाचं फुटावं आणि पाण्याबरोबर निघून जावं."

एक दिवस ती असंच पुटपुटत असताना पाण्यावर बसून सुरंगीची एक कळी आत आली, स्वप्नात असल्यासारखी गोल गोल फिरली आणि तरंगत खालच्या तोंडाशी पोचली.

"डोणबाई, या पाण्याला तुम्ही काय केलंत हो?" तिनं विचारलं. "झऱ्यापासून मी याच्याच संगतीनं आलेय. वर कसं उधळल्यासारखं धावत होतं! आता बघा, पावलं न वाजवता चाललंय."

"मी कुठं काय केलं? माझं पाणी सकाळपासून आहे तस्संच आहे."

"मग याची एवढी धाव गेली कुठं?"

डोणीनं पहिल्यांदाच आपल्या दोन्ही तोंडांकडे एकदम पाहिलं. वरून पाणी धावत येत होतं, खालून सावकाश जात होतं. मधे त्या धावेचा मार झेलणारी तिची पाठ होती.

कळी केव्हाच दूर गेली होती. खाली रोपं मुळं धरून डुलत होती. डोणीनं डोळे मिटले आणि पाठ आणखी घट्ट रोवली. त्या दुखण्याला तिनं पुन्हा कधी म्हातारपण म्हटलं नाही.