बयाबाईंचा नकार

सांबरघाटावरच्या पाच लहान राज्यांचा एक संघ होता. परक्या सत्तेशी करार करायचा तर पाचही जणांचा होकार लागे. एकदा सपाटीवरच्या बलाढ्य सम्राटाचा वकील चंद्रसेन त्यांच्या सभेत आला. सम्राटाच्या फौजेला घाटातून वाट हवी होती.

"वाटेतल्या गावांच्या काडीलाही आमची फौज हात लावणार नाही. सम्राटांचा शब्द आहे," तो म्हणाला.

चार राजांनी धाकापोटी करारावर मोहोर उमटवली. सगळ्यांत लहान करवंदगडच्या राणी बयाबाई मात्र अडून बसल्या. "फौज आमच्या शेताशिवारातून जाणार. माझी मोहोर मिळणार नाही."

राजे चिडले, भरसभेत जुंपली. चंद्रसेन खदखदून हसला.

"पाच तोंडं आणि पाच बोलणी! बाईसाहेब, आमच्या दरबारात येऊन बघा. सम्राट बोलले की उलट शब्द काढायची कोणाची छाती होत नाही."

बयाबाईंनी विचारलं, "कोणाचीच नाही?"

"प्रधानजींचीसुद्धा नाही!"

"मग वकीलसाहेब, फौज घाटात शिरल्यावर सम्राटांनी आमची गावं जाळायचा हुकूम सोडला, तर त्यांना 'नको' कोण म्हणणार?"

चंद्रसेनाचं हसू मावळलं. तेवढ्यात चौघांतले थोरले राजे उठले, त्यांनी करार उचलला आणि त्याचे उभे दोन तुकडे केले. बाकीच्या तिघांपैकी एकानेही त्यांचा हात धरला नाही.

चंद्रसेन रिकाम्या हाताने घाट उतरला.