चाळीस फुटी भाऊसाहेब

बसस्टँडसमोर परवीनचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नगरसेवक भाऊसाहेब धोंगडे चार कार्यकर्त्यांसह आपला फ्लेक्स बघायला आले. मोबाईलवर पाठवलेला त्यांचा नखाएवढा फोटो तिने चाळीस फुटांवर नेला होता आणि स्क्रीनवर तोंडाचे नुसते चौकोन झाले होते.

“तुझं सॉफ्टवेअरच भंगार आहे!” भाऊसाहेब कडाडले. “आमदारांचा फ्लेक्स इथूनच झकास निघाला की!”

“साहेब, त्यांचा फोटो मुळातच मोठा होता,” परवीन शांतपणे म्हणाली. “मुळात लहान असलेल्याला ओढूनताणून मोठं केलं, की असंच तोंड फुटतं.”

कार्यकर्ते एकदम छताकडे बघायला लागले. भाऊसाहेबांनी कॉलर नीट केली आणि ते स्टुलावर बसत म्हणाले, “काढ बाई, नवा फोटो काढ!”