धुवणातली परी

कृष्णेच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात एक असं घर होतं, ज्याचा उंबरा कधीच एका रंगाचा नसे. सकाळी तो गेरूनं तांबडा असायचा, दुपारी पिवडीनं पिवळाधमक व्हायचा, आणि संध्याकाळी त्यावर कुणाच्या तरी निळ्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे. ते घर माणकोजी चितारी यांचं. चितारी म्हणजे चित्रं काढणारा. तेव्हा राजांचं राज्य होतं, चित्रं भिंतींवर राहत असत, आणि पंचक्रोशीत कुणाला भिंतीवर मोर हवा असला, की बोलावणं माणकोजींनाच येई.

त्या घरात साळू नावाची एक चिमुकली मुलगी कामाला होती. आली तेव्हा तिच्या अंगावर ओला परकर होता आणि दुसरं काही नव्हतं. कृष्णेला मोठा पूर आला, त्यात तिची झोपडी गेली, शेळी गेली आणि आईही गेली. माणकोजींची धाकटी बहीण, गंगूआत्या, तिला हाताला धरून घरी घेऊन आली. "पोर आहे, दोन घास खाईल, चार कामं करील," असं म्हणाली आणि चुलीपाशी तिच्यासाठी गोधडी घातली. आत्याची जीभ तिखट होती, पण गोधडी मात्र जाडजूड होती.

साळू झाडलोट करायची, इवल्याशा कळशीनं पाणी भरायची, पाट्यावर गेरू वाटायची. वाटता वाटता साळुंकीसारखी तिची बडबड चालायची. माणकोजी हसून म्हणायचे, "साळुंके, जरा दम घे. तुझ्या बोलण्यानं माझा हत्ती दचकतोय." ती त्यांना बाबा म्हणायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तोंडात आलं.

एकच दुःख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. बांगड्यांची किणकिण आठवायची, पदराचा धुराचा वास आठवायचा, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं पाणीच पाणी दिसायचं. मग ती गोधडीत तोंड खुपसून गुपचूप रडायची.

संध्याकाळी माणकोजींचे कुंचले, रंगांच्या करवंट्या आणि कुंचले पुसायची फडकी धुवायचं काम साळूचं. ते रंगीत धुवण उकिरड्यावर फेकून द्यायचं, असं आत्यानं सांगितलं होतं. साळूला ते काही पटेना. दिवसभर ज्यांनी मोर केले, कमळं केली, त्या रंगांना उकिरड्यावर कसं टाकायचं? म्हणून परसात एक गुलबक्षीचं झुडूप होतं, त्याच्या मुळाशी ती हलक्या हातानं धुवण ओतायची. त्याआधी खाली वाकून मुंग्यांना सांगायची, "बाजूला व्हा गं बायांनो, पाणी येतंय." मुंग्या बाजूला झाल्या, की मगच ओतायची.

त्या वर्षी गावच्या गणपतीच्या देवळाला नवा सभामंडप बांधला होता, आणि त्याची सगळ्यात मोठी भिंत माणकोजी रंगवत होते. भिंतीवर मिरवणूक होती. हत्ती होते, घोडे होते, मोर होते, नदीच्या घाटावर पाणी भरणाऱ्या बायका होत्या. पण कुणालाच डोळे नव्हते. चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, अशी चिताऱ्यांची रीत. माणकोजी त्याला 'चित्र जागं करणं' म्हणत. डोळ्याची रेघ केसाएवढी बारीक असते. ती जरा हलली, तर शहाणा हत्ती तिरळा व्हायचा.

आणि माणकोजींना तर अलीकडे स्वतःचा पंजासुद्धा धुक्यातून पाहिल्यासारखा दिसायचा. ही गोष्ट फक्त साळूला ठाऊक होती. ती रोज करवंट्या ठरलेल्या जागी मांडायची. उजवीकडे पांढरा, त्याच्या शेजारी हिरवा, पलीकडे नीळ. माणकोजी रंग न बघता, जागा चाचपून कुंचला बुडवायचे. दोघं याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

एके दिवशी आत्या देवळात आली, तिला तो पसारा बघवेना, आणि तिनं करवंट्या लहान-मोठ्या अशा नीट ओळीत लावून टाकल्या. त्या दिवशी मिरवणुकीतला पांढराशुभ्र घोडा हिरवागार झाला.

देवळाचे कारभारी दाजीबा घोड्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माणकोजी, घोडा हिरवा झालाय."

"चरून आला असेल," माणकोजी म्हणाले. पण त्यांनी कुंचला हळूच खाली ठेवला, हे साळूनं पाहिलं.

"हसण्यावारी नेऊ नका," दाजीबा हळू आवाजात म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "अक्षय्यतृतीयेला इथं पूजा आहे, आणि भिंतीवरचं सगळं गाव आंधळं उभं आहे. तोवर डोळे झाले नाहीत, तर मला साताऱ्याहून दुसरा चितारी आणावा लागेल. तुमच्या नजरेचं मला आता कळलंय."

घरी आल्यावर आत्या चुलीपुढे बसून बोलू लागली. रागावली, की तिला रडू येई, आणि रडू आलं, की ती आणखी रागावे. "वहिनी गेली तेव्हापासून हेच चाललंय. चित्र काढायचं आणि रडायचं. रडून रडून डोळ्यांतलं तेज धुऊन काढलंस तू, दादा. आता दुसरा चितारी आला, की आपण माझ्या लेकाच्या गावी जाऊ. खोली लहान आहे, पण दोघं मावू."

दोघं मावू. साळूनं ते ऐकलं आणि तिच्या हातातली करवंटी खाली पडली. तिसऱ्याला जागा नव्हती. म्हणजे हे घर जाणार, हा रंगीत उंबरा जाणार, आणि बाबाही जाणार. पहिलं घर पाण्यानं नेलं होतं, दुसरं असं जाणार. ती फडकी आणि कुंचले घेऊन परसात गेली. तिनं सगळं धुतलं, आणि डोळे पाण्यानं भरले होते तरी मुंग्यांना सांगायला विसरली नाही.

सूर्य मावळतीला गेला होता. गुलबक्षीच्या कळ्या एकेक करून उमलत होत्या. धुवण मुळाशी पोचलं आणि मधली एक कळी टपकन उघडली. तिच्यात एक इवलीशी परी बसली होती. तिचा परकर निळीचा होता, चोळी गेरूची होती, एक वेणी पिवळी आणि दुसरी पोपटी होती. पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे झिलमिलत होते. फक्त नाकाच्या शेंड्यावर काजळाचा एक ठिपका होता.

"हा ठिपका तुझ्यामुळे," परी म्हणाली. "परवा काजळाची वाटी घाईघाईत ओतलीस ना?"

"चुकलं माझं," साळू म्हणाली. "पुसून देऊ का?"

"राहू दे. मला आवडलाय." परी खुदकन हसली. "मी धुवणातली परी. तू ओतलेले रंग पिऊन पिऊन मी एवढी झाले. उकिरड्यावर गेले असते, तर झालेच नसते. म्हणून तुझं एक मागणं मी पुरं करणार आहे. पण त्याचे नियम आहेत हं. मागणं एकच मागायचं, आणि एकदा मागितलं, की बदलायचं नाही. शिवाय मी धुवणाची आहे, त्यामुळे पाण्यानं जे धुऊन नेलं, तेवढंच मला परत देता येतं. आगीनं नेलेलं, चोरानं नेलेलं, वयानं नेलेलं माझ्याकडे नसतं."

पाण्यानं नेलेलं. साळूच्या ओठांवर पहिला शब्द आला तो आई.

"माझी आई पुरात गेली," ती कुजबुजली.

परीच्या पंखांची झिलमिल मंदावली. "माणसं परत देता येत नाहीत, राणी. तेवढं कुठल्याच परीला येत नाही."

"तिचा चेहरा? तोही गेलाय माझ्याकडून. तो नुसता आठवला तरी चालेल."

"पुरात गेला असेल, तर देईन," परी म्हणाली. "मागतेस?"

साळू ओलं फडकं पिळत राहिली. घरातून माणकोजींचा आवाज आला. ते चाचपडत परसाच्या दाराशी आले होते आणि भलतीकडेच तोंड करून विचारत होते, "साळुंके, अगं, आज तुझा आवाज नाही तो? जेवलीस का, बाळ?"

"येते, बाबा," साळूनं सांगितलं. आणि मग तिचं ठरलं. आईचा चेहरा हवा होता, फार फार हवा होता. पण आईला आता कुठं जायचं नव्हतं. बाबांना उद्या सकाळी भिंतीपुढे उभं राहायचं होतं.

"परीताई, माझ्या बाबांची नजर परत दे."

परीनं मान हलवली. "ती वयानं नेली असेल गं. माझ्याकडे कशी असणार?"

"वयानं नाही," साळू घाईनं म्हणाली. "आत्या म्हणते, बाबांनी रडून रडून डोळ्यांतलं तेज धुऊन काढलं. आत्या कधी खोटं बोलत नाही. आणि ते डोळे कशानं पुसतात, माहीत आहे? कुंचले पुसायच्या फडक्यानं. आणि ती फडकी मी रोज धुते. ते पाणी तर मी तुलाच देते."

परी डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तरीच," ती म्हणाली, "तरीच तुझं धुवण मला अधूनमधून खारट लागायचं."

तिनं दोन्ही मुठी मिटल्या आणि उघडल्या. त्यांत दोन थेंब चमकत होते, मोत्याच्या दाण्याहून लहान. ते तिनं साळूनं नुकत्याच धुतलेल्या फडक्यावर अलगद ठेवले. "सकाळी यानंच त्यांचे डोळे पूस. आणि हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर थेंब सुकतील." एवढं म्हणून ती कळीत शिरली आणि कळी मिटली.

सकाळी देवळात माणकोजी भिंतीपुढे बसले होते, मान खाली घालून. "बाबा, तुमच्या डोळ्यांत धूळ गेलीय," असं म्हणून साळूनं फडक्यानं हळूच त्यांचे डोळे पुसले. माणकोजींनी पापण्या उघडल्या. आधी त्यांना स्वतःचा पंजा दिसला, नखांतल्या गेरूसकट. मग हत्तीच्या पायातले बारीक तोडे दिसले. मग समोर उभी असलेली साळू दिसली. तिच्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"अगं, साळुंके," ते म्हणाले, "तुझ्या गालावर तीळ आहे की. मला माहीतच नव्हता." आणि त्यांचे डोळे पाणावले.

"आता रडू नका हं, बाबा," साळू घाबरून म्हणाली. "मुळीच रडू नका."

मग काय विचारता. खारीच्या शेपटीचा नाजूक कुंचला काजळात बुडू लागला आणि भिंत जागी होऊ लागली. हत्ती जागे झाले, मोर जागे झाले, घोडे टुकूटुकू बघू लागले. हिरवा घोडा पुन्हा पांढरा करायला माणकोजी निघाले, तर गावातली सगळी पोरं आडवी आली. त्यांचा तो लाडका झाला होता. तो हिरवाच राहिला, आणि दाजीबांनीही हसून मान डोलावली.

घाटावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या कोपऱ्यावर मात्र माणकोजींनी कापड टाकून ठेवलं होतं. रोज थोडा वेळ ते साळूला समोर बसवायचे. "मान वर कर. आता हस. हसताना बोलू नकोस." आणि कापडाआड जाऊन काहीतरी करायचे. साळूनं विचारलं, की "उन्हानं चेहरा रापलाय का, बघतो," असं काहीतरी सांगून टाळायचे.

अक्षय्यतृतीया आली. सकाळचं कोवळं ऊन मंडपात शिरत होतं, पूजेला अजून वेळ होता. माणकोजींनी कापड काढलं. घाटाच्या पायरीवर एक तरुण बाई घागर टेकवून उभी होती. डोळे तेवढे राहिले होते. साळूच्या देखत माणकोजींनी एक रेघ काढली, मग दुसरी, मग दोन ठिपके दिले. बाई जागी झाली आणि तिनं सरळ साळूकडे पाहिलं.

साळूच्या कानांत बांगड्या किणकिणल्या. धुराचा वास आला. "आई," ती म्हणाली.

"मी तिला कधी पाहिलं नाही," माणकोजी तिच्याजवळ बसत म्हणाले. "पण तू आईच्या आठवणीनं गोधडीत रडायचीस, ते मला ऐकू यायचं. डोळे गेले होते, कान कुठं गेले होते? नजर आली, तेव्हा तुला नीट पाहिलं. नाक तुझंच आहे, हनुवटी तुझीच, तीळ तुझाच. वय तेवढं मी वाढवलं. बरोबर जमलंय का, ते तू सांग."

साळूनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. जमलं होतं. एकेक रेघ जमली होती.

तेवढ्यात काजळाच्या करवंटीच्या काठावर काहीतरी चमकलं. पिवळी वेणी, पोपटी वेणी, नाकावर ठिपका. परी फक्त साळूलाच दिसत होती. "बरं झालं, आईचा चेहरा मागितला नाहीस," ती हळूच म्हणाली. "मला देताच आला नसता. तो पुरात गेलाच नव्हता, वेडाबाई. तुझ्याबरोबरच निघून आला होता." उन्हाची एक तिरीप करवंटीवर पडली. परी निळी झाली, तांबडी झाली, सोनेरी झाली, आणि त्या उजेडातच विरून गेली.

आत्यानं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि पहिली साळूच्या पानात वाढली. "माझी भाची आहे ही," तिनं शेजारणींना ठणकावून सांगितलं, "कामाची पोर म्हणाल, तर याद राखा." लेकाच्या गावी जायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. माणकोजींनी साळूला खारीच्या केसांचा एक छोटासा कुंचला करून दिला. तेव्हापासून संध्याकाळी दोघांचेही कुंचले माणकोजीच धूत. धुवण गुलबक्षीपाशी नेत, कमरेवर हात ठेवून वाकत आणि म्हणत, "बाजूला व्हा गं बायांनो, पाणी येतंय."

म्हणून तर गुलबक्षीच्या एकाच फुलावर कधी पिवळा शिंतोडा असतो, कधी तांबडा. कुणाचा तरी कुंचला तिथं धुतलेला असतो. ती फुलं बघायची असतील, तर उन्हं उतरली की परसात जा. गुलबक्षी तेव्हा उमलते, आणि ही गोष्ट इथं मिटते.