वाडग्यात उरलेला घोट

"एवढंच सांगा, लामाजी. उद्या माणसं माझ्याबरोबर खिंडीपलीकडे येतील की नाही?"

वृद्ध लामांनी पाहुण्याच्या लाकडी वाडग्यात लोणी-मिठाचा चहा ओतला आणि किटली हातातच धरून बसले.

पाहुणे म्हणजे भार्गव वैशंपायन. सरहद्दीचा नकाशा करायला सरकारने धाडलेल्या तुकडीचे प्रमुख. माणूस हट्टी खरा, पण काय छातीचा! बकरी कचरेल अशा कड्यांवर ते मोजणीची दुर्बीण स्वतःच्या पाठीला बांधून चढलेले. नोर्बू हमालाचे पाय बर्फाने सुजले, तेव्हा आपले लोकरी मोजे उतरवून त्याच्या पायांत घातलेले.

हमाल त्यांच्यावर जीव टाकत. पण पुढे जायला मठाचा होकार हवा, यावर सगळे अडून बसले होते.

"वर ढग उतरलेत," लामा म्हणाले.

"म्हणून तर घाई. एकच खोरं राहिलंय."

वैशंपायनांनी वाडगा रिकामा केला आणि नकाशा पसरला. लामांनी वाडगा पुन्हा भरला, मग नकाशावर वाकले.

"ही आमची नदी?"

"हो. त्या वरच्या हिमनदीतून येते. मी पाहून आलो."

"माझा जन्म हिच्या काठी गेला, साहेब. येते कुठून, ते आज कळलं..."

लामांनी त्या निळ्या रेषेला कपाळ टेकवलं. वैशंपायनांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत वरिष्ठांकडून अशी शाबासकी मिळाली नव्हती.

"आणि या फुल्या?"

"आधीच्या तुकडीतली माणसं. जिथे दगावली, तिथे खूण केलीय."

"हं..."

वैशंपायनांनी वाडगा संपवला. लामांनी भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला गेला. पानात काही टाकायचं नाही, हे त्यांच्या आईने लहानपणीच अंगी बाणवलेलं. हिमनदीला न डगमगलेला माणूस त्या खारट चहापुढे मात्र घामाघूम झाला.

"पुरे, लामाजी! पोटात तीळभर जागा नाही."

"मग पिता कशाला?"

"तुम्ही ओतता म्हणून."

"तुम्ही तळ दाखवता म्हणून मी ओततो. आमच्याकडे तळ दिसला, की पाहुण्याला अजून हवंय असं समजतात."

"आणि पुरे झालं, हे कसं कळवायचं?"

"घोटभर ठेवायचं."

वैशंपायन हसायला गेले... आणि मध्येच थांबले.

बाहेर अंगणात नोर्बू मोजे काढून बसला होता. पायाची बोटं काळी पडायला लागली होती. साहेबांची नजर वळलेली दिसताच त्याने पाय घाईने झग्याखाली ओढून घेतले आणि हसला.

"चालेन की मी, साहेब," तो तिथूनच ओरडला.

वैशंपायनांनी नकाशाकडे पाहिलं. तळहाताएवढी पांढरी जागा. तिच्यासाठी त्यांनी घरची लग्नकार्यं चुकवली होती. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा कुणी येईल, ती भरेल आणि नाव त्याचं होईल. हे सलत होतं, फार सलत होतं.

त्यांनी वाडगा उचलला. ओठांपर्यंत नेला. बराच वेळ तसाच धरला...

मग खाली ठेवला. तळाशी घोटभर चहा होता.

लामांनी किटली जमिनीवर ठेवली.

"खाली उतरतो आम्ही," वैशंपायन म्हणाले. त्यांनी नकाशा गुंडाळायला घेतला. "पण लामाजी, राजधानीत विचारतील. एवढी माणसं दिली, एवढं सामान दिलं, मग ही जागा कोरी का? काय सांगू मी त्यांना?"

लामांनी अंगणाकडे पाहिलं. नोर्बू साहेबांचे लोकरी मोजे पुन्हा पायांत चढवत होता.

"सांगा, इथे कुणी मेलं नाही."