चिमाबाईची दुपारची झोप

एका गॅरेजात होता एक जुना टायर. टायरात राहायची चिमाबाई चिचुंद्री. तिची पाच पिल्लं. पाचही महाद्वाड!

दुपार झाली. एक निजलं. दोन निजली. तीन निजली. चार निजली. पाचवं तुमच्यासारखंच, निजेचना! शेवटी तेही निजलं. हुश्श! चिमाबाईने डोळे मिटले.

खॉक् खॉक् फुस्स! दारातली निळी गाडी खोकली. काळा धूर टायरात शिरला. पाचही पिल्लं उठून बसली. गेली चिमाबाईची झोप!

दमलेली चिमाबाई निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"गाडी गाडी, खोकू नको.
मला झोप मिळेना!"

गाडी म्हणाली, "इंजिन फार पेट्रोल पितं. ते कमी पिईल, तर मी थांबेन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"इंजिना इंजिना, कमी पी.
गाडी खोकायची थांबेना,
मला झोप मिळेना!"

इंजिन म्हणालं, "काळी पेटी मला पेट्रोल वाढते. ती कमी वाढेल, तर मी कमी पिईन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"पेटी पेटी, कमी वाढ.
इंजिन कमी पिईना,
गाडी खोकायची थांबेना,
मला झोप मिळेना!"

पेटी म्हणाली, "सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. तो म्हणतो, हवा फार, पेट्रोल वाढ! तो नीट हुंगेल, तर मी कमी वाढेन."

लुटु... लुटु... पाय दुखले बाई!

"सेन्सरा सेन्सरा, नीट हुंग.
पेटी कमी वाढेना,
इंजिन कमी पिईना,
गाडी खोकायची थांबेना,
मला झोप मिळेना!"

सेन्सर रडवेला झाला. "कालच आलोय मी! तरी सगळे मलाच बोलतात. धुराच्या पाइपाला भोक पडलंय, त्यातून बाहेरची हवा येते. भोक बुजेल, तर नीट हुंगेन."

लुटु... लुटु...

"पाइपा पाइपा, भोक बुजव.
सेन्सर नीट हुंगेना,
पेटी कमी वाढेना,
इंजिन कमी पिईना,
गाडी खोकायची थांबेना,
मला झोप मिळेना!"

पाइप म्हणाला, "मला का हात आहेत? मिस्त्री पत्रा जोडतील, तर भोक बुजेल."

गॅरेजवाले इलाही मिस्त्री कपाळाला हात लावून बसले होते.

"मिस्त्री मिस्त्री, पत्रा जोडा.
पाइपाचं भोक बुजेना,
सेन्सर नीट हुंगेना,
पेटी कमी वाढेना,
इंजिन कमी पिईना,
गाडी खोकायची थांबेना,
मला झोप मिळेना!"

"मी पण दमलो, बये," मिस्त्री म्हणाले. "दोनदा सेन्सर बदलला! भोक कुठाय? दिसेल, तर जोडीन."

चिमाबाई पाइपाखाली शिरली. मिशा पुढे केल्या. फुर्र! मिशा हलल्या. मोहरीएवढं भोक!

"इथं, मिस्त्री, इथं!"

मिस्त्रींनी पत्रा जोडला, चर्र चर्र!
पाइपाचं भोक बुजलं,
सेन्सर नीट हुंगू लागला,
पेटी कमी वाढू लागली,
इंजिन कमी पिऊ लागलं,
गाडी खोकायची थांबली!

पाचही पिल्लं निजली. चिमाबाई टेकली, आणि लगेच घुर्र... घुर्र...

गाडी न्यायला मंदामावशी आल्या. गाडी त्यांचीच. "हॉर्न वाजवून बघू का?"

मिस्त्री धावले. "नको मावशी! चालूही नका करू. बाई आत्ताच झोपलीय."

मग काय! छान दुरुस्त झालेली गाडी दोघांनी ढकलत ढकलत रस्त्यावर नेली. हळू... हळू...