टोपलीबाहेरचा पाय

हसा, हसा. या घाटावर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण हसतोच. वसुदेवाच्या डोक्यावर टोपली, टोपलीत बाळकृष्ण, आणि बाळाचा पाय बापाच्या कमरेपर्यंत लोंबतोय! घडवणाऱ्याला माप कळत नव्हतं, असं एक शिकलेले पाहुणे मला ऐकवून गेले. मी इथला गुरव. आजोबांनी सांगितलं तेच सांगतो.

हे काम सटवाजी पाथरवटाचं. आधी पाय टोपलीच्या काठाशीच होता म्हणे, बोटभर बाहेर, फार देखणा. यमुना बाळाच्या पावलाला लागून ओसरली, तशी आपली नदीही ओसरेल, अशी गावाची खात्री. चार-पाच पूर वसुदेवाच्या छातीवरूनच माघारी गेले, आणि खात्री पक्की झाली. पण नदीला ही कथा कुणी सांगितली होती?

एका श्रावणात सकाळीच पाणी चढू लागलं. सटवाजीची सात वर्षांची गोजरा म्हणाली, "आबा, टेकाडावर जाऊया की."

"थांब गं. पायाला लागू दे, लागलं की उतरतंय बघ."

पाणी पायाला लागलं. उतरलं नाही. खालची आळी वाहून गेली. सटवाजी झाडाला अडकून वाचला, गोजरा सापडलीच नाही.

गाव चिडून शिल्प फोडायला निघालं. सटवाजीनं आठ दिवस मागून घेतले. वरचा पाय स्वतःच्या हातानं तासून टाकला आणि वसुदेवाची छाती खोदून हा खालचा पाय कोरला. म्हणाला, "इथं पाणी लागलं की हात जोडत बसू नका. पोरं उचला आणि पळा."

लहानपणी पाणी पायाला लागलं की मलाही आत्यानं पाटीत घालून वर नेलंय. तिच्या ओल्या घोंगडीचा वास अजून आठवतो. भीती वाटायची, पण सगळं गाव टेकाडावर एका जागी असायचं. फार चांगले दिवस होते हो. आता वर धरण झालंय, पाणी पायापर्यंत चढतच नाही, अन् निम्मी घरं शहरात गेली.

सटवाजी म्हणे मरेपर्यंत दर श्रावणात टेकाडावरून गोजराला हाक मारायचा. एका वर्षी कुणाच्या तरी लेकीला राहवलं नाही, तिनं ओ दिली. म्हातारा तिथंच बसून रडला.

आजही श्रावणात, गोजरा गेली त्या दिवशी, पावलावर घागर ओतून आम्ही टेकाडावर चढतो. एकेका पोराचं नाव घेतो, शेवटी गोजराचं, आणि ओ सगळी पोरं मिळून देतात. यंदा तीनच पोरं होती. त्यांचा आवाज पुरेना, तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनीही ओ दिली.